यादी पुसायची, टिपण ठेवायचं

बडोद्यात दांडिया बाजारात माझा गाण्याचा क्लास आहे. घराची पुढची खोली, दोन तंबोरे, एक पेटी आणि संध्याकाळी पाचपासून येणारी मुलं. शनिवारी दुपारी निवृत्त मंडळी येतात. एवढ्याशा व्यवहाराला कामांचं अ‍ॅप कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांचे फॉर्म मुदतीत भरावे लागतात, पावसाळा संपला की तंबोऱ्यांची जवारी (तारांचा घुमारा) लावून घ्यावी लागते, गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं तबलजींना महिनाभर आधी सांगून ठेवावं लागतं. यासाठी मी टोडोइस्ट वापरते. ते 2007 पासून आहे आणि आपलं काम चोख करतं. इंग्रजीत ‘एव्हरी मंडे’ असं लिहिलं की दर सोमवारी आठवण येते. मराठीत लिहिलेला वार त्याला कळत नाही, पण कामाचं नाव मराठीत आणि वार इंग्रजीत अशी सवय बोटांना होऊन जाते.

प्रश्न पडतो तो त्याच्या जोडीला टिपणांसाठी काय वापरायचं हा. कामाचं अ‍ॅप कोणतंही चालतं, टिपणांचं मात्र पारखून घ्यावं लागतं, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं टिपण असं आहे: ‘पट्टी काळी चार. खर्जात आवाज बारीक होतो. भूप गाताना धैवतावर रेंगाळते, लगेच देसकार दिसायला लागतो. गंधारावर न्यास करायची सवय लावणे.’ भूप आणि देसकार, दोन्हींत स्वर तेच पाच. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार, देसकाराचा धैवत. म्हणजे न्यास, स्वरावरचा मुक्काम, कुठे करता यावर राग बदलतो, आणि ही मुलगी नकळत तो बदलत होती. या टिपणावर टिक कधी करायची? ते संपण्याजोगं कामच नाही. पुढच्या वर्षी तिला मंचावर कोणता राग द्यायचा हे ठरवताना मला हे वाक्य हवं असतं. ती मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि चार वर्षांनी परत शिकायला आली, तरी हवं असतं. ‘फॉर्म भरणे’ मात्र भरून झाल्यावर माझ्या नजरेसमोर एक मिनिटही राहू नये.

बडोद्यात मांडवीच्या जुन्या पेढ्यांवर रोजमेळ वेगळा आणि खातेवही वेगळी. रोजमेळात जे जसं घडलं तसं लिहायचं आणि दिवस मिटवायचा. खातेवहीत मात्र माणसाच्या नावावर पान असतं आणि त्या पानावर वर्षानुवर्षांचा हिशेब साचत जातो. एका चोपडीत दोन्ही कोंबले तर संध्याकाळचा मेळही लागत नाही आणि कुणाचं किती येणं आहे तेही सापडत नाही. कामं आणि टिपणं वेगळी ठेवण्यामागे माझं कारण नेमकं हेच आहे.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माझा एक विद्यार्थी म्हणाला होता, ‘ताई, सगळं नोशनमध्येच टाका ना, कामंही तिथेच, नोट्सही तिथेच.’ नोशन मी मनापासून वापरून पाहिलं. देखणं आहे. विद्यार्थ्यांचा तक्ता, रागांचा तक्ता, दोन्ही एकमेकांना जोडलेले, हे पाहून हरखायला होतं. पण आमच्या जुन्या वाड्याच्या भिंती दीड हाताच्या, मागच्या खोलीत नेट कधी येतं, कधी जातं. आणि नेटशिवाय नीट चालण्याची सोय नोशनने 2025 मध्ये कुठे आणली. शिवाय बाहेर पडायचं ठरवलं तर मजकूर फाइलींत मिळतो खरा, पण ज्या जोडणीसाठी तिथे गेलो तीच मागे राहते. मोठ्या गटाला एकत्र काम करायचं असेल तर ते उत्तम. एकट्या शिक्षिकेच्या चाळीस वर्षांच्या वह्यांसाठी मी ते निवडणार नाही.

काही जण टिपणं कामाच्याच पोटात ठेवतात. ‘जवारी लावून आणणे’ या कामाखाली शेरा लिहायचा: कारागिराने काय सांगितलं, कोणती तार बदलली, पैसे किती झाले. त्या दिवशी सोयीचं वाटतं. काम झालं, टिक केली, की शेराही कामाबरोबर नजरेआड. पुढच्या वर्षी तार झणझणायला लागली की तो शेरा झालेल्या कामांच्या ढिगात शोधत बसा. उलटा प्रकारही असतो, टिपणांच्या मधोमध चौकटी काढून कामं लिहायची. त्यासाठी चांगली प्लगइन्सही (वरून जोडायच्या छोट्या पुरवण्या) मिळतात. पण टिपण आपण उघडू तेव्हा दिसणार, आणि काम तर आपण विसरलेले असतानाच दिसायला हवं.

तर जोडी हवी. आता टिपणांच्या अ‍ॅपकडून माझी पहिली अपेक्षा सांगते: अ‍ॅप गेलं तरी टिपण वाचता आलं पाहिजे.

वुंडरलिस्ट नावाचं कामांचं एक छान अ‍ॅप होतं. मायक्रोसॉफ्टने ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि 6 मे 2020 ला बंद केलं. लोक हळहळले, पण दुसरीकडे गेले, कारण कामांची यादी महिन्याभरात नव्याने भरून निघते. टिपणांचं तसं नाही. एव्हरनोट 2008 पासून लोकांच्या हाती आहे आणि कित्येकांनी त्यात आयुष्याची कागदपत्रं ठेवली. 2023 च्या डिसेंबरात मोफत खात्याला पन्नास नोंदी आणि एक वही अशी मर्यादा आली. कंपनीने काय करावं हा तिचा प्रश्न. पण ज्यांच्या हजारो नोंदी आत होत्या त्यांना नवी नोंद करायची तर पैसे तरी भरायचे किंवा सामान तरी हलवायचं, हे ठरवावं लागलं.

मराठी माणसाला हा अनुभव याआधी एकदा येऊन गेला आहे, फक्त आपण तो तसा ओळखत नाही. नव्वदच्या दशकात आपण श्रीलिपी, आयएसएम असल्या प्रणालींत टाइप करत होतो. त्या फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण फाइलीत साठवलेलं असायचं भलतंच, बहुधा रोमन अक्षराच्या जागेवरचं काहीतरी. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की अगम्य चिन्हांची रांग. ओळखीच्या एका मंडळाच्या स्मरणिकेच्या फाइली आजही कुणाच्या तरी सीडीवर आहेत. त्यात जुन्या गायकांच्या आठवणी आहेत आणि त्या उघडल्या की एक अक्षर लागत नाही. खरं तर युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. आपल्या हातात ती यायला उशीर झाला, आणि मधल्या काळातलं पुष्कळ लेखन त्या फटीत पडलं.

आमच्या शहरात तर गाण्याच्या लेखनाचाच इतिहास आहे. उस्ताद मौलाबक्ष यांनी सयाजीरावांच्या आश्रयाने 1886 मध्ये इथे गायनशाळा काढली. तिचाच वंश पुढे सुरसागरासमोरच्या विद्यापीठाच्या संगीत-नृत्य-नाट्याच्या शाखेपर्यंत आला आहे. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती आणि तिच्यातून मुलांना शिकवलं. गुरूच्या तोंडून निघेल तेवढंच शिष्याला, अशा काळात कागदावर गाणं उतरवून सर्वांपुढे ठेवणं ही धाडसाची गोष्ट होती. 1916 मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच, संगीतशास्त्री पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने. आज महाविद्यालयांत सर्रास चालते ती भातखंडे लिपी. मौलाबक्षांची पुस्तकं हातात आली तरी ती झरझर वाचून गाणारा माणूस मला भेटलेला नाही. मोठ्या माणसाने मन लावून केलेलं लेखन, आणि वाचायला लिपी जाणणारा हवा. टिपण कोणत्या स्वरूपात ठेवायचं याचा विचार करताना मला हे सारखं आठवतं.

म्हणून मी ऑब्सिडियन घेतलं. ते 2020 मध्ये आलं. त्यात प्रत्येक टिपण म्हणजे आपल्याच संगणकावरच्या एका फोल्डरमधली साधी मजकुराची फाइल. ‘मालकंस’, ‘भूप’, विद्यार्थ्याचं नाव, अशी फाइलींची नावंही सरळ देवनागरीत. मजकुरात ठळक, मथळा वगैरे दाखवायला मार्कडाउन नावाची खुणांची पद्धत आहे, जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये आणलेली, आणि त्या खुणा अ‍ॅप नसलं तरी डोळ्यांनी वाचता येतात. ऑब्सिडियन उद्या बंद पडलं तर माझ्या फाइली कुठल्याही साध्या संपादकात उघडतील. फोन आणि लॅपटॉप जुळते ठेवण्याची त्यांची सेवा पैसे देऊन घ्यावी लागते, ती मी घेतली आहे. ज्याला पूर्ण मुक्तस्रोत हवं त्याने जोपलिन पाहावं. ते आतमध्ये स्वतःचा डेटाबेस ठेवतं, पण मार्कडाउनमध्ये सगळं बाहेर काढून देतं. गूगल कीप मी दाराशी ठेवलेल्या पाटीसारखं वापरत होते, आता तेही काम टोडोइस्टच्या इनबॉक्सने होतं. वननोट पेनने लिहिणाऱ्यांना आवडेल. माझं मन त्यात रमलं नाही.

आता स्वरलेखन. इथे मात्र अ‍ॅपचं कुठलंही परीक्षण तुम्हाला मदत करत नाही. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. मार्कडाउनमध्ये अधोरेखनाची खूणच नाही. मग कोमल गंधार लिहायचा कसा? पुष्कळ जण रोमन लिपीत लहान-मोठी अक्षरं वापरतात. मला ते परकं वाटतं. उत्तर सापडलं ते वेदपाठाच्या चिन्हांत. ऋग्वेदाच्या छापील संहितेत अक्षराखाली आडवी आणि अक्षरावर उभी रेघ असते, स्वर खाली-वर दाखवायला. ही दोन्ही चिन्हं युनिकोडच्या देवनागरीत आहेत. म्हणजे ग॒ आणि म॑ सरळ टंकता येतात. खालचं टिंब म्हणजे नुक्ता: ध़. वरचं टिंब म्हणजे अनुस्वार: सां. मालकंसाचा आरोह मग असा उतरतो: सा ग॒ म ध॒ नि॒ सां. कुठलंही चित्र नाही, खास फॉन्ट नाही, साधा मजकूर. हे पहिल्यांदा पडद्यावर उमटलं तेव्हा मी उठून आईला दाखवायला गेले. ती चष्मा पुसून म्हणाली, ‘अगं, हे तर छापल्यासारखं दिसतंय.’

अडचणी आहेतच. मंद्रातल्या कोमल निषादाला टिंब आणि रेघ दोन्ही द्यायची तर काही फॉन्टांत दाटी होते. ही चिन्हं फोनच्या कीबोर्डवर चटकन सापडत नाहीत, म्हणून मी कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात लघुरूपं करून ठेवली: ‘कग’ लिहिलं की ग॒ सुचवतो, ‘तीम’ लिहिलं की म॑. त्रितालाच्या सोळा मात्रा तक्त्यात बसवल्या तर फोनवर अर्धा तक्ता पडद्याबाहेर जातो, तेव्हा आठ-आठच्या दोन ओळी करते. मींड (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) आणि कण (ओझरता स्वर) यांच्या कमानी मजकुरात येत नाहीत ते नाहीतच. जिथे त्या महत्त्वाच्या, तिथे हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो टिपणात जोडते, आणि फोटोखाली बंदिशीचे शब्द टंकते, कारण फोटो शोधात सापडत नाही, शब्द सापडतात.

शोधावरून आठवलं. अ‍ॅप पसंत करण्याआधी मराठीतला शोध तपासून पाहा, असं मी प्रत्येकाला सांगते. इंग्रजीत शब्द बहुतेक जसाच्या तसा राहतो. आपल्याकडे तो विभक्ती लागली की रूप बदलतो. ‘तंबोरा’ शोधलं तर ‘तंबोऱ्याची जवारी’ सापडत नाही. कुणी ‘बंदीश’ लिहितं, कुणी ‘बंदिश’, आणि बंदिशीचा, बंदिशींना झाल्यावर ‘दी’ ऱ्हस्व होतोच. यावर तोड म्हणजे शब्दाचा न बदलणारा आरंभ शोधायचा: ‘तंबो’, ‘बंद’. ऑब्सिडियन अर्ध्या शब्दावरही सापडवून देतं. काही अ‍ॅप पूर्ण शब्दच जुळवतात, अर्ध्यासाठी पुढे तारांकन द्यावं लागतं, आणि ते कुणी सांगत नाही.

याहून चिवट भानगड ‘ऱ्या’ची. ‘तंबोऱ्या’ मधला तो अर्धा र दोन प्रकारांनी साठवला जातो. एका कीबोर्डवर तो ‘ऱ’ या अक्षरापासून होतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारी जोडखूण यांच्यापासून. डोळ्यांना रतीभर फरक नाही. शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. फोनवर एका कीबोर्डने लिहिलं आणि लॅपटॉपवर दुसऱ्याने शोधलं, तर टिपण असूनही नाही म्हणतं. दुसऱ्या, साताऱ्याचा, गाणाऱ्या, असे शब्द मराठीत वाक्यागणिक येतात. म्हणून परीक्षा अशी घ्यावी: फोनवर ‘तंबोऱ्याची’ लिहा, लॅपटॉपवर तोच शब्द टंकून शोधा. सापडला तर ठीक. नाही सापडला तर दोन्हीकडे एकच कीबोर्ड घ्या, नाहीतर ‘तंबो’वर भागवा.

रागांच्या नावांचंही तसंच. आपण मालकंस म्हणतो, हिंदी पुस्तकांत मालकौंस. बागेश्री आणि बागेश्वरी. ऑब्सिडियनमध्ये एका टिपणाला पर्यायी नावं देता येतात. मालकंसाच्या टिपणाला मी ती देऊन ठेवली आहेत, त्यामुळे कुठल्याही नावाने हाक मारली तरी तेच पान उघडतं. गुजराती मुलांच्या वह्यांतून आलेल्या नावांसाठी ही सोय मला फार मोलाची वाटते.

दोन अ‍ॅपना जोडायचा धागा एकच आणि तो बारीक: लिंक. ऑब्सिडियनमधल्या प्रत्येक टिपणाची लिंक घेता येते, टोडोइस्टमधल्या प्रत्येक कामाचीही. ‘मध्यमाच्या मुलांची तोंडी परीक्षा घेणे’ (मध्यमा ही गांधर्वची एक परीक्षा) या कामात त्या मुलांच्या टिपणांच्या लिंका डकवते. काम आठवण करून देतं, लिंक टिपणापर्यंत नेते, परीक्षा झाली की कामावर टिक आणि जे ऐकलं ते टिपणात. दोन्ही अ‍ॅप आपोआप एकमेकांत मिसळवून देणाऱ्या युक्त्या पुष्कळ आहेत. मी त्यांच्या वाटेला जात नाही. युक्ती बिघडली की टिपणांना हात लागतो, आणि तिथे मला कुणाचा हात लागलेला नको.

तालमीची ध्वनिमुद्रणं मी टिपणांत ठेवत नाही. 64 केबीपीएसने केलेलं मुद्रणसुद्धा तासाला सुमारे 29 एमबी होतं, फोल्डर फुगतो आणि जुळवणी रेंगाळते. मुद्रणं वेगळ्या ठिकाणी, तारीख आणि रागाच्या नावाने, आणि टिपणात फक्त ते नाव. आणि शिकवताना फोन हातात घेत नाही. समोर मूल सूर लावत असताना शिक्षकाची नजर पडद्यावर असणं मला पटत नाही. पाठ संपल्यावर कागदावर दोन ओळी, रात्री त्या टंकायच्या.

या सगळ्याची निकड मला 2024 च्या ऑगस्टात नीट कळली. विश्वामित्री फुगली आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझ्या मावशीचं तळमजल्याचं घर त्यातच. तिच्या वह्या खालच्या फडताळात होत्या. आयुष्यभर जमवलेल्या बंदिशी, कुणाकडून कोणती मिळाली त्याच्या नोंदींसह. पाणी ओसरल्यावर आम्ही पानं एकेक करून गच्चीत वाळत घातली. बॉलपेनने लिहिलेली बहुतेक वाचली. शाईच्या पेनची पानं मात्र नुसती निळी झाली होती, आणि जुन्या, दुर्मीळ बंदिशी नेमक्या शाईने लिहिलेल्या. एका पानावर मथळा तेवढा राहिला होता: राग, ताल, आणि ज्यांच्याकडून घेतली त्या बाईंचं नाव. मावशी ते पान हातात धरून चाल आठवायचा प्रयत्न करत होती. मुखडा आठवला, अंतरा अर्धाच आला. जेवढं आलं तेवढं मी तिथेच फोनवर मुद्रित करून घेतलं.

आता दर रविवारी ती सांगते आणि मी टंकते. वाचलेली पानं आधी, मग तिच्या आठवणीतलं. टिपणात कंसात लिहून ठेवते की हे वहीतलं आहे की स्मरणातलं, कारण पुढे कुणी गाईल त्याला हा फरक कळायला हवा. महिन्यातून एकदा तो सबंध फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवते आणि पुण्याला भावाकडे एक प्रत पाठवते. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, संगणकातलं बेताचंच. तरी परवा त्याने कुठलंही अ‍ॅप न घालता एक फाइल उघडली आणि फोनवर मला वाचून दाखवली, ‘सा, ग, म… हे गच्या खाली रेघ आहे गं, ते काय?’ मी म्हटलं, तो कोमल आहे, आणि गाऊन दाखवला.